मशिदीपर्यंत नेणारं कुणीतरी

आमच्या घराण्यात कुत्रा पाळणारा पहिला माणूस माझा मामेभाऊ. आम्ही सगळे त्याला भाई म्हणतो. तो इंग्लंडमध्ये राहतो, पाच वक्त नमाज पढतो, रमजानचे रोजे ठेवतो, आणि त्याच्या घरात जिन्याखाली एक काळी लॅब्राडॉर कुत्री झोपते. ही बातमी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोहोचली तेव्हा मोहल्ल्यात बरंच बोलणं झालं. 'तिकडं जाऊन साहेब झाला' इथपासून 'आता त्या घरात फरिश्ते येतील का?' इथपर्यंत. भाईला दिसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या बोलण्यात ही गोष्ट कुठंच नव्हती.

भाईला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. विशीत रात्रीचं दिसेनासं झालं. मग दोन्ही बाजूंचं गेलं आणि नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं उरलं. चाळिशीत तेही गेलं. त्यानंतर काही वर्षं त्याने पांढऱ्या काठीवर काढली. काठी चांगलीच, पण ती अडथळा सांगते तो अडथळ्याला लागल्यावर. डोक्याच्या उंचीवर वाकलेली फांदी तिला कळत नाही. दोनदा कपाळ फुटल्यावर त्याचं एकट्याने बाहेर जाणं जवळजवळ थांबलं. दूध आणायचं तर मुलाचा हात, डॉक्टरकडे जायचं तर भाभीचा. फजर आणि इशा घरीच. जुम्म्याला शेजारचे चाचा येतील का, याची सकाळपासून वाट पाहायची.

ही वाट पाहणं काय असतं ते डोळस माणसाला चटकन समजत नाही. घरचे प्रेमाने नेतात, कुणी कुरकुर करत नाही. तरीही प्रत्येक पावलासाठी दुसऱ्याला सवड आहे का ते विचारावं लागतं, आणि हळूहळू माणूस विचारणंच सोडून देतो.

अंधांना वाट दाखवण्यासाठी कुत्र्यांना पद्धतशीर शिकवण्याची सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. विषारी वायूने आणि जखमांनी डोळे गेलेले सैनिक घरी परतत होते. त्यांच्यासाठी १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग इथं पहिली शाळा निघाली. अमेरिकेत १९२९ साली 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. इंग्लंडमध्ये १९३१ साली वॉलेसी इथं पहिल्या चार कुत्र्या तयार होऊन चार अंधांच्या हाती गेल्या. भाईची कुत्री त्याच परंपरेतली. संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते. कुत्रा घेणाऱ्याने नावापुरते पन्नास पेन्स द्यायचे अशी तिथली जुनी रीत, म्हणजे 'हे फुकट मिळालेलं नाही' असं त्याला म्हणता यावं. मला ही रीत फार आवडली.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी भाईकडे तीन आठवडे राहिलो. कुत्रीचं नाव ऑलिव्ह. मामी आधी तिला नावाने हाक मारत नसे, 'ती' म्हणायची. मी गेलो तोवर मामीने तिचं नाव जैतून करून टाकलं होतं.

आपण कोकणी मुसलमान शाफई. कुत्र्याच्या बाबतीत आपला नियम फार कडक. शाफई मतानुसार कुत्रा अंगानेच नजिस. ओलेपणाने स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा माती मिसळलेल्या पाण्याने. हनफींचं प्रचलित मत असं की नजिस आहे ती लाळ. इमाम मालिक तर जिवंत कुत्र्याला पाकच मानतात. भांडं सात वेळा धुणं हा त्यांच्या मते बंदगीचा भाग. म्हणजे ज्या गोष्टीवरून मोहल्ल्यात एका वाक्यात निकाल लागतो, तिच्यावर आपल्या उलेमांनी शेकडो वर्षं बारकाईने चर्चा केली आहे. शाफई फिकहमध्येसुद्धा एक साधी गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते: कोरड्याचा कोरड्याला स्पर्श झाला तर नापाकी लागत नाही.

भाईच्या घराची सगळी व्यवस्था या नियमावर बसवलेली आहे. जैतून तळमजल्यावर राहते. जिन्याला लहान मुलांसाठी लावतात तसलं फाटक आहे. नमाजची खोली वर, तिथं ती कधीच जात नाही. तिचं भांडं, तिचा टॉवेल, तिची चटई वेगळी. बाहेरून आल्यावर भाई कपडे बदलतो, हात धुतो, मग वुझू. पण इंग्लंडात पाऊस सारखाच, आणि ओला कुत्रा म्हणजे शाफई माणसाची खरी परीक्षा. त्यावर तिथल्या इमामसाहेबांनी त्याला सांगितलं, की गरज असेल तिथे मालिकी मतावर चालायला हरकत नाही, दीन माणसाला कोंडून ठेवण्यासाठी आलेला नाही. भाईने तरीही नमाजचे कपडे वेगळे ठेवले आहेत. तो म्हणतो, 'सवलत आहे म्हणून सगळी वापरायलाच पाहिजे असं थोडंच आहे?'

आता शिकवण्याबद्दल, कारण माझा पेशा तो आहे. पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की ते एका स्वयंसेवक कुटुंबाकडे जातं आणि वर्ष-सव्वा वर्ष तिथं राहतं. त्या काळात हार्नेस नाही, वाट दाखवणं नाही. फक्त जगाची ओळख. बस, रेल्वे, सरकता जिना, छत्री उघडण्याचा आवाज, शाळा सुटल्यावरचा गोंगाट, बाजारात जमिनीवर पडलेलं खाणं न उचलणं. सांगितलेल्या जागी, सांगितल्यावर शू-शी करणंही तेव्हाच शिकवतात. त्याचा इशारा 'बिझी, बिझी'. बी.एड.ला आम्ही घोकलं होतं: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून अवघडाकडे. एका पिल्लाच्या अभ्यासक्रमात ते इतकं नीट पाळलेलं पाहून मला आमच्या पाठ-टाचण वह्या आठवल्या.

मग कित्येक महिन्यांचं खरं प्रशिक्षण. रस्त्याच्या मधून नाही तर फुटपाथने सरळ चालायचं. प्रत्येक कडेला थांबायचं. दार, जिना, रिकामी खुर्ची शोधून द्यायची. यातली अवघड गोष्ट मला भाईने समजावली. कुत्र्याला स्वतःच्या अंगापुरती जागा पुरते, पण त्याला माणसाची उंची आणि रुंदी हिशोबात धरायला शिकवावं लागतं. ज्या फांदीखालून ती आरामात जाऊ शकते, तिथे तिने वळसा घ्यायचा, कारण शेजारी चालणाऱ्याचं कपाळ त्या उंचीवर आहे. स्वतःला न लागणारी वाट दुसऱ्यासाठी मोजणं. किती माणसांना हे जमतं?

शिक्षा नाही. बरोबर केलं की लगेच शाबासकी आणि खाऊचा दाणा. सगळे कुत्रे पासही होत नाहीत. एखादा खारीमागे धावतो, एखादा गर्दीला बुजतो. त्यांना दुसरं काम देतात किंवा चांगल्या घरी पाठवतात, नापास म्हणून हिणवत नाहीत. जे तयार होतात त्यांची माणसाशी जोडी लावतात. चालण्याचा वेग, उंची, स्वभाव, घर कसं, रोजचे रस्ते कोणते, हे सगळं पाहून. त्यानंतर काही आठवडे दोघांचं एकत्र शिक्षण. म्हणजे भाईसुद्धा शिकला, आणि कुत्री त्याच्यापेक्षा पुढच्या वर्गात होती, असं तोच हसत सांगतो.

पुष्कळांना वाटतं की कुत्रा सिग्नल पाहून रस्ता ओलांडून देतो. तसं नाही. सिग्नल कुत्र्याला कळत नाही. कधी निघायचं ते माणूस रहदारीचा आवाज ऐकून ठरवतो आणि 'फॉरवर्ड' म्हणतो. पण गाडी येताना दिसली तर कुत्र्याने ती आज्ञा मोडायची. याला तिकडं 'समजून केलेली अवज्ञा' अशा अर्थाचा शब्द आहे, आणि सगळ्या शिक्षणातला हा कळस. मी तो प्रकार डोळ्यांनी पाहिला. भाई 'फॉरवर्ड' म्हणाला, जैतून हलली नाही. त्याने पुन्हा म्हटलं, ती तशीच. तेवढ्यात एका घराच्या आवारातून विजेवर चालणारी गाडी मागे-मागे येत रस्त्यावर आली, जराही आवाज न करता. मी तिला पाहिलं होतं, पण माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत कुत्रीने काम केलेलं होतं. भाईने वाकून तिच्या मानेवर हात फिरवला.

आमच्या वर्गात आज्ञाधारक मुलांचं कौतुक होतं. मीही करतो, चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग दुसऱ्या कशाने चालणार? पण शिकवणाऱ्याची चूक होत असेल तिथे पाय रोवून उभा राहणारा विद्यार्थी तयार होणं, हे शिक्षणाचं खरं फळ. ते भीतीने येत नाही. ज्या कुत्र्याला मारून शिकवलं आहे तो कधी 'नाही' म्हणणार नाही, आणि म्हणून तो अंधाच्या काहीच कामाचा नाही.

कुरआनमध्ये सूरह माइदात शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख येतो. त्यांनी धरून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे, आणि त्यांना शिकवण्याबद्दल जे म्हटलं आहे त्याचा आशय असा, की अल्लाहने तुम्हाला दिलेल्या ज्ञानातून तुम्ही त्यांना शिकवता. इब्न कय्यिम यांनी 'मिफ्ताह दारुस्सआदा' या ग्रंथात ज्ञानाची थोरवी सांगताना हाच दाखला घेतला आहे. न शिकलेल्या कुत्र्याने मारलेलं मुर्दाड, शिकलेल्याने धरलेलं हलाल. फरक कशाने पडला, तर इल्मने. मदरशात आणि शाळेत इल्मच्या फजीलतीवर आपण किती तकरीरी ऐकतो! त्यांत हा दाखला मी क्वचितच ऐकला आहे.

फरिश्त्यांची हदीस आहे, ती नाकारायची नाही. गरज नसताना कुत्रा पाळणाऱ्याच्या सवाबातून रोज कमी होतं, हेही हदीसमध्ये आहे. पण त्याच हदीसमध्ये शिकार, गुरं आणि शेती यांच्यासाठी ठेवलेला कुत्रा वगळलेला आहे. गुरं राखायला कुत्रा चालतो, तर माणूस राखायला का चालू नये? उलेमांनी हाच कियास केला आहे. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्याची मगफिरत झाली, ती हदीस तर मुलं तिसरी-चौथीत वाचतात. असहाबे कहफच्या गुहेच्या तोंडाशी पाय पसरून बसलेला कुत्राही कुरआनातच आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती एका अंध सहाबींची गोष्ट. ते हुजूर (स.) यांच्याकडे आले आणि म्हणाले, मला मशिदीपर्यंत हात धरून आणणारं कुणी नाही, घरी नमाज पढू का? आधी परवानगी मिळाली. मग विचारणा झाली, अजान ऐकू येते का? हो म्हटल्यावर उत्तर मिळालं, मग या. अबू दाऊद यांच्या रिवायतीत हे सहाबी म्हणजे अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम. ज्यांच्यामुळे सूरह अबस उतरली, जे मस्जिदे नबवीचे मुअज्जिन झाले, आणि हुजूर (स.) बाहेर असताना ज्यांच्यावर मदिना सोपवलं जाई, ते हेच. अंध आहे म्हणून घरी बस, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. ही हदीस ऐकताना आपण नमाजची ताकीद ऐकतो. मला तिच्यात दुसरीही एक गोष्ट ऐकू येते: नेणारं कुणीतरी हवं, आणि ती सोय करणं इतरांवर येतं.

२००८ साली लेस्टरमधल्या एका मशिदीने अठरा वर्षांच्या अंध विद्यार्थ्याला त्याचा गाइड डॉग आवारात आणायची परवानगी दिली. त्याआधी ब्रिटनच्या मुस्लिम लॉ कौन्सिलने तसा फतवा दिला होता. कुत्रा नमाजच्या जागेत जात नसे. दाराजवळ त्याच्यासाठी वेगळी जागा केली, तिथे तो थांबत असे. अमेरिकेत मिशिगनमधल्या एका अंध मुस्लिम तरुणीने वेगळाच मार्ग काढला. आईवडिलांना घरात कुत्रा नको होता, तर तिने वाट दाखवणारा लहान जातीचा घोडा घेतला. तिथल्या अपंगांच्या कायद्याच्या नियमांत कुत्र्याबरोबर अशा घोड्याचीही तरतूद आहे.

भाईच्या मशिदीतही बूट ठेवायच्या जागेपलीकडे एक कोपरा आहे. मी तीन आठवडे त्याच्याबरोबर फजरला गेलो, पण नेणारा मी नव्हतो. अंधारात तो माझ्यापेक्षा वेगाने चालत होता, उजव्या हातात तस्बीह, डाव्या हातात हार्नेसची मूठ. हार्नेस उतरवला की जैतून कोपऱ्यात बसते आणि सलाम फिरवून लोक बाहेर येईपर्यंत हलत नाही. पहिल्या महिन्यात दोन बुजुर्गांनी येणं बंद केलं होतं म्हणे. त्यातला एक परत आला, एक नाही आला.

मशिदीपेक्षा त्रास टॅक्सीत झाला. तिथल्या २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे टॅक्सीवाल्याला गाइड डॉग नाकारता येत नाही, जादा पैसेही घेता येत नाहीत. वैद्यकीय कारणाने सूट हवी असेल तर तसं प्रमाणपत्र लागतं. एकदा गाडी आली, चालकाने काच खाली केली आणि म्हणाला, माझ्या धर्मात कुत्रा चालत नाही. भाईने सलाम केला आणि म्हणाला, 'माझाही धर्म तोच आहे. मागच्या बाजूला पायाशी बसेल, चादर मी आणली आहे.' तो माणूस क्षणभर गप्प बसला आणि निघून गेला. भाईने तक्रार केली नाही. भाभी अजूनही म्हणते, करायला हवी होती. पुढच्या आंधळ्यासाठी तरी. मला भाभीचं पटतं.

कुत्री सांभाळणं म्हणजे रोजचं काम आहे, हेही लिहिलं पाहिजे. दोन वेळा मोजून खाणं, कारण वजन वाढलं की सांधे जातात. रोज ब्रशने अंग साफ करणं, कान-दात-पंजे हाताने चाचपून पाहणं. भाईची बोटं इतकी तयार झाली आहेत की पंज्यात रुतलेला बारीक खडा त्याला आधी कळतो, जनावरांच्या डॉक्टरला मागाहून. उन्हाळ्यात डांबर तापलं असेल तर त्यावर हाताचा मागचा भाग ठेवून पाहायचं. हाताला सोसवत नसेल तर पंजालाही नाही. आणि रोज थोडा वेळ हार्नेस काढून मोकळं धावू द्यायचं. हार्नेस असला की काम, नसला की ती साधी कुत्री. एका उंटाने उपासमारीची आणि जादा कामाची तक्रार केली तेव्हा हुजूर (स.) यांनी त्याच्या मालकाची कानउघाडणी केली होती. भाईला ती हदीस कुणी शिकवावी लागत नाही.

आपल्याकडे हे का होत नाही? भारतात गाइड डॉग अगदी मोजके. एक कारण म्हणजे आपले रस्ते. फुटपाथ नाही, असला तर त्यावर दुकान, उघडं गटार, आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या. काम करणाऱ्या कुत्र्याला त्या दहा पावलंही सुखाने जाऊ देणार नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अडथळामुक्त जागांची भाषा आहे. कागदावरून ती नाक्यावर यायची आहे. शिकवलेल्या कुत्र्याचं मोल मात्र महाराष्ट्राला नवं नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढलं. त्याने वाचवलेल्या लोकांत कोण कुठल्या मजहबचे होते ते कुणी मोजलेलं नाही.

जैतून आता नऊ वर्षांची झाली. आणखी वर्ष-दीड वर्षात ती निवृत्त होईल आणि भाईला दुसरी कुत्री मिळेल. निवृत्त कुत्र्याला घरी ठेवता येतं किंवा दुसऱ्या कुटुंबात पाठवता येतं. मसला असा, की काम संपल्यावर गरजेची सवलत राहते का? भाईने इमामसाहेबांना विचारलं आहे. ते पाहून सांगतो म्हणाले. मामी म्हणते, 'पाहायचं काय त्यात? म्हातारपणी काढून टाकायला ती काय जुनी खुर्ची आहे?'

या डिसेंबरात पुतण्याच्या लग्नाला भाई गावी येतोय. जैतून येणार नाही. एवढा विमानप्रवास आणि आपले रस्ते तिला झेपणारे नाहीत. म्हणून घरच्यांसाठी आणि मोहल्ल्यासाठी थोडं लिहितो. त्याला ढकलत किंवा ओढत नेऊ नका. आपलं कोपर पुढे करा, तो धरेल, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी आली की वर की खाली ते सांगा. खोलीतून जाताना 'मी निघालो' म्हणा, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. भाभीला 'भाई चहा घेणार का?' असं विचारू नका, त्यालाच विचारा. आणि पुढेमागे कुठं हार्नेसमधला कुत्रा दिसला, तर त्याला हाक मारू नका, खायला देऊ नका. तो कामावर आहे.

लग्न दोन दिवसांचं, मुक्काम तीन आठवड्यांचा. त्या तीन आठवड्यांत भाईला पुन्हा कुणाच्या तरी सवडीची वाट पाहावी लागणार आहे. आमच्या घरापासून मशीद सात-आठ मिनिटांवर, मधे दोन चढ आणि एक उघडं गटार. फजरसाठी पहाटे सहाच्या आत निघावं लागतं. ज्यांना जमेल त्यांनी आपले दिवस मला कळवावेत, मी वहीत लिहून ठेवतो.